कोलेस्टेरॉल-निर्मितीचे जनुकीय नियमन

मानवी यकृतपेशीत कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके गरजेप्रमाणे चालू-बंद करणारी यंत्रणा. कोलेस्टेरॉलचे नाव निघाले की आपली नजर ताटातल्या तुपाकडे जाते. पण शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते. अ‍ॅसिटिल-कोए या साध्या रेणूपासून ते तयार व्हायला तीसच्या आसपास अभिक्रिया लागतात. या साखळीचा वेग मुख्यतः एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर ठरवते.

सूत्रे असतात एसआरईबीपी-२ या प्रथिनाच्या हाती. ते आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या, पटलात रोवलेले असते आणि स्कॅप नावाचे प्रथिन त्याला धरून असते. पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असेल तर ते स्कॅपला चिकटते, मग इन्सिग हे तिसरे प्रथिन दोघांनाही जागीच रोखून ठेवते. पटलातील मेदरेणूंमध्ये कोलेस्टेरॉलचा वाटा सुमारे ५ टक्क्यांखाली घसरला की ही पकड सुटते. स्कॅप आपल्या जोडीदाराला गॉल्जी पिंडाकडे, म्हणजे प्रथिनांवर प्रक्रिया करणाऱ्या पेशीच्या भागाकडे नेते. तिथे दोन विकरे एकामागून एक काप घेतात आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात शिरून डीएनएवरील ठरावीक क्रमाला जाऊन बसतो. रिडक्टेजसह संपूर्ण साखळीची जनुके जागी होतात. इन्सिगचे आणखी एक काम म्हणजे स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातील रेणू) वाढले की तयार रिडक्टेजची विल्हेवाट लावणे.

या यंत्रणेतील सर्वांत सुंदर गोष्ट अशी, की हाच तुकडा एलडीएल-ग्राहकाचे, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे, जनुकही चालू करतो. म्हणजे टंचाईत पेशी कोलेस्टेरॉल बनवते आणि रक्तातूनही ओढून घेते. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचा गुण येतो तो यामुळेच: ती रिडक्टेज अडवतात, पेशीला टंचाई भासते, ग्राहक वाढतात आणि रक्तातील एलडीएल उतरते. मात्र एसआरईबीपी-२ त्याच वेळी पीसीएसके९ हे ग्राहकांचा नाश करणारे प्रथिनही वाढवते. स्टॅटिनच्या गोळीची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्केच उतरते, त्यामागचे हे एक कारण. पीसीएसके९ला रोखणारी इंजेक्शने स्टॅटिनच्या जोडीला देतात ती म्हणूनच.

एलडीएल-ग्राहकाचा शोध मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी अमेरिकेतील डॅलसमध्ये लावला. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांच्या त्वचापेशींमध्ये रिडक्टेजला लगाम का बसत नाही, या प्रश्नातून ते तिथवर पोहोचले. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. एसआरईबीपी त्यांच्याच प्रयोगशाळेला १९९३ मध्ये, म्हणजे नोबेलनंतर आठ वर्षांनी सापडले.