रक्त वाहिलं, म्हणजे सुटलो?

इंदूरला रामबागेत आजोबा न्हाणीघरात घसरले. भुवईवर खोक, पंचा लालभडक. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं, वाहून गेलं, आत साकळलं नाही." आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं, पण ते खोटं आहे. वाहिलं ते कातडीचं रक्त. कवटीच्या आतल्या शिरा वेगळ्या. बाहेर ओरखडा नसतानाही आत रक्तस्राव होतो.

कवटीलगतची धमनी फुटली, तर माणूस आधी नीट बोलतो आणि काही तासांत बेशुद्ध पडतो. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, आवरणाखालच्या शिरा ताणल्या जातात. तिथलं रक्त हळूहळू साठतं. मग २-३ आठवड्यांनी पाय ओढतो, बोलण्यात घोळ होतो. घरचे म्हणतात, वय झालं! आजोबा रक्त पातळ करणारी गोळी घेतात, म्हणून त्याच संध्याकाळी सीटी स्कॅन केला.