ज्यूलीने ऑड्रीला ऑस्करमध्ये हरवलं नव्हतं

ब्रिटिश अभिनेत्री आणि गायिका ज्यूली अँड्र्यूजबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: रंगमंचावर तिने साकारलेली ‘माय फेअर लेडी’तली भूमिका सिनेमात हिसकावणाऱ्या ऑड्री हेपबर्नला तिने ऑस्करमध्ये हरवून उट्टं काढलं. हे खरं नाही. १९६५च्या त्या सोहळ्यात ऑड्रीला नामांकनच नव्हतं! ती मंचावर आली ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार द्यायला, आणि तो मिळाला तिचाच सहकलाकार रेक्स हॅरिसनला. दोघी समोरासमोर होत्या त्या गोल्डन ग्लोब या दुसऱ्या सिनेपुरस्कारांत. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

भूमिकाही ऑड्रीने हिसकावली नव्हती. निर्माते जॅक वॉर्नर यांना पडद्यावर चालणारं नाव हवं होतं आणि ज्यूली तोवर एकाही सिनेमात दिसली नव्हती.

म्हणून तिला नवखी म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. लंडनच्या रंगमंचावर ती १२व्या वर्षी गात होती. १९५४मध्ये न्यूयॉर्कला ‘द बॉय फ्रेंड’चा पहिला प्रयोग झाला, तो तिच्या १९व्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री. पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगमंचावर, ‘माय फेअर लेडी’ची नायिका एलायझा पहिल्यांदा साकारली तीही तिनेच. तालमीत ती चाचपडत होती, तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्ट यांनी बाकी मंडळींना सुट्टी दिली आणि दोन दिवस एकट्या तिच्याकडून वाक्यन् वाक्य घोटून घेतलं. ‘कॅमलॉट’ या संगीत नाटकात तिला पाहून वॉल्ट डिस्ने यांनी ‘मेरी पॉपिन्स’ हा सिनेमा देऊ केला. ती गरोदर होती, तर ते थांबायलाही तयार झाले. ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेसाठी.