स्टर्नड्राइव्हचे बळकटीकरण

इंजिन नौकेच्या आत आणि पंखा फिरवणारा पाय पिछाडीच्या फळीबाहेर, अशा जोडणीला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. ‘इनबोर्ड-आउटबोर्ड’ हेही नाव रूढ आहे. मूळ क्षमतेपेक्षा ताकदवान इंजिन बसवायचे असेल, तर या पायातली दंतचक्रे, दंड, सांधे आणि कवच बदलून किंवा सुधारून तो वाढीव टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलण्याजोगा करावा लागतो. या कामाला बळकटीकरण म्हणतात. कोकणातल्या यांत्रिक मच्छीमार नौकेत दंड इंजिनापासून पंख्यापर्यंत सरळ जातो. स्टर्नड्राइव्हमध्ये तीच शक्ती फळीतून आडवी बाहेर येते, काटकोनात खाली वळते आणि पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. बळकटीकरणाचे बहुतेक सगळे प्रश्न या दोन वळणांतून निघतात.

उगम : व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात ‘ॲक्वामॅटिक’ मांडला, इथपर्यंत दुमत नाही. कल्पना कोणाची, याबद्दल मात्र आहे. पेटंट जिम विन या अमेरिकी अभियंत्याच्या नावे आहे. ते आधी कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीत होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथून बाहेर पडून त्यांनी नमुना तयार केला आणि व्होल्वो पेंटाचे प्रमुख हाराल्ड विकलुंड यांना त्यात रस घ्यायला लावला. दुसरा पक्ष मूळ कल्पनेचे श्रेय चार्ल्स स्ट्रँग यांना देतो. तेही मर्क्युरीत विन यांचे सहकारी होते. इंजिन आत आणि पाय बाहेर ठेवण्याचे प्रयोग १९३० च्या सुमारासही झाले होते, त्यामुळे ‘पहिला कोण’ हा प्रश्न तसा सैलच आहे. हकिगती एकत्र वाचल्या तर कल्पना विन आणि स्ट्रँग यांच्या चर्चेतून घडली व विक्रीयोग्य यंत्रात ती स्वीडनमध्ये उतरली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मर्क्युरीने स्वतःचा ‘मर्क्रूझर’ १९६१ मध्ये बाजारात आणला.

या वादात एक तांत्रिक मुद्दा झाकला जातो. विन यांच्या रचनेतले खरे मर्म दुहेरी युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, म्हणजे कोनात वळूनही फिरत राहणाऱ्या सांध्यात, होते. त्याच्यामुळे पाय डावीउजवीकडे वळवता येतो, वर उचलता येतो आणि इंजिनाची शक्ती मध्ये तुटत नाही. पहिल्या ॲक्वामॅटिकला सुमारे ८० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्या ताकदीला हा सांधा पुरून उरत असे. पुढे मोठी अमेरिकी व्ही-८ इंजिने त्याच आराखड्यावर चढली, तेव्हा ज्या सांध्याने ही रचना शक्य केली तोच तिच्या दुबळ्या जागांपैकी एक ठरला.

भाराचे गणित : दातांवर भार येतो तो टॉर्कचा. किलोवॉटला ९,५४९ ने गुणून दर मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले की तो न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. ४,८०० फेऱ्यांना ३०० अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ४४५ न्यूटन-मीटर होतो. ५,००० फेऱ्यांना ५०० अश्वशक्ती देणाऱ्याचा ७१२. फेऱ्या १.५:१ प्रमाणात कमी केल्या असतील, तर घर्षणातली घट सोडून पंख्याच्या दंडावर हाच आकडा १,०६८ पर्यंत चढतो. दंडाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर त्याचे पीळ सोसण्याचे सामर्थ्य सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, कारण ते व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून जाड उभा दंड ही पहिली सुधारणा असते.

हे आकडे शांत पाण्याचे आहेत. नौका लाटेवरून उडाली की पंखा हवेत येतो, भार नाहीसा होतो आणि फेऱ्या भडकतात. पुढच्या क्षणी पंखा पाण्यात आदळतो आणि सगळी साखळी एकदम ताणली जाते. खुल्या समुद्रातील शर्यतींत सुकाणू एकाकडे आणि थ्रॉटल दुसऱ्याकडे देण्याची पद्धत आहे. थ्रॉटल सांभाळणारा पंखा हवेत असताना इंजिन आवरतो; निम्मे बळकटीकरण त्याच्या हातात असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जड नौकेत हादरे कमी असतात, पण भार अखंड राहतो. एकाच ड्राइव्हची क्षमता दोन नौकांत वेगळी ठरते ती यामुळे.

दंतचक्रे : मर्क्रूझरच्या अल्फा मालिकेत गिअर बदलणारा दातेरी क्लच पायाच्या खालच्या पेटीत असतो आणि गिअर टाकताना इंजिनाचे प्रज्वलन क्षणभर खंडित करतात. ब्राव्हो मालिकेत शंकूच्या आकाराचा क्लच वरच्या पेटीत असतो आणि भार वाढेल तसा तो अधिक घट्ट बसतो. मोठ्या ताकदीसाठी अल्फा मजबूत करत बसण्यापेक्षा ब्राव्होकडे वळण्याचा सल्ला सहसा दिला जातो, आणि तो योग्य आहे. ब्राव्होत बहुधा वरच्या पेटीतले दात आधी जातात. शंक्वाकृती चक्रे भाराखाली एकमेकांना दूर ढकलतात, ॲल्युमिनियमचे कवच किंचित फाकते, दात कडेने भिडतात आणि कोपरे उडतात. उपाय दोन्ही बाजूंनी करतात : चक्रे ९३१० सारख्या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची, पृष्ठभागी कार्बन मुरवून कठीण केलेली आणि मुळाशी शॉट-पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केलेली, कवचावर ओतीव झाकणाऐवजी अखंड ठोकळ्यातून कापलेले जाड झाकण.

पण महागडी चक्रेही जुळणी चुकली तर टिकत नाहीत. कारागीर दातांना निळा लेप लावून चक्र हाताने फिरवतो आणि लेप कुठे पुसला गेला ते पाहतो. तो ठसा दाताच्या मध्यापेक्षा किंचित आतल्या टोकाकडे हवा, कारण भार आला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. ठसा सरकवायचा तर मिलिमीटरच्या शतांशात मोजल्या जाणाऱ्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलाव्या लागतात. इंजिनाच्या सरळीचेही तसेच. ग्रीस लावलेली जुळणीची सळई फळीतल्या गिम्बल बेअरिंगमधून इंजिनाच्या मागच्या खाचांच्या जोडणीत, म्हणजे कपलरमध्ये, जोर न लावता शिरली पाहिजे आणि बाहेर काढल्यावर खाचांचे ठसे सगळ्या बाजूंनी सारखे दिसले पाहिजेत. एका बाजूला खोल ठसा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट आणि कपलर दोघांचेही आयुष्य घटले.

नौका वेगात असताना पायाचा वरचा भाग पाण्याबाहेर असतो, त्यामुळे तिथले तेल तापते. त्यावर पाण्याचा फवारा सोडणारी नळी, म्हणजे ‘ड्राइव्ह शॉवर’, स्वस्त आहे आणि आधी बसवावी अशीच आहे. पाय ज्यावर डावीउजवीकडे वळतो त्या कड्यातला, म्हणजे गिम्बल रिंगमधला, खेळ काढण्यासाठी दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक सिलिंडर लावतात. तेल बदलताना ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. चुंबकी बुचावर बारीक करडा थर नेहमीचा असतो, पण चकचकीत खपली निघाली तर पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

भार दोन पंख्यांत वाटून कमी करण्याची वाट व्होल्वो पेंटाने १९८२ च्या ‘ड्युओप्रॉप’मध्ये दाखवली : एकाच अक्षावर उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे. मर्क्युरीच्या शर्यतीसाठीच्या ‘नंबर सिक्स’ ड्राइव्हमध्ये गिअर बदलण्याचे काम पायातून काढून इंजिनामागच्या वेगळ्या ट्रान्समिशनकडे दिले आहे, आणि चक्रे तेलात बुडून घुसळत राहू नयेत म्हणून तेल पंपाने फिरवतात. हॉवर्ड आर्नेसन यांच्या सरफेस ड्राइव्हमध्ये पायातले दोन्ही काटकोन गेले. फळीपाशी एक गोलसांधा आणि पुढे पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धवट बुडालेल्या पंख्यापर्यंत सरळ दंड.