उपाशी आणि एकटं बसलं की मन शांत होतं? आपोआप नाही हो

एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की दोन-तीन दिवस पोटात काही घालू नका, एकटे बसा, मन आपोआप शांत होणार. असं काही आपोआप होत नसतं. २०१४ साली मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या टीमचा एक प्रयोग छापून आला, लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं, समोर फक्त एक बटण, दाबलं की शॉक, आणि १८ पैकी १२ पुरुषांनी तो स्वतःलाच देऊन घेतला (बायका २४ पैकी ६, जरा शहाण्या म्हणायच्या). एकांतात आधी गोंगाटच वाढतो, जुनी भांडणं, राहिलेले फोन, सगळं वर येतं.

उपासाचंही तेच. लिव्हरमधला साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपत येतो, मग शरीर चरबीपासून किटोन (साखरेऐवजी वापरायचं इंधन) बनवतं, काहींना हलकंही वाटतं, पण स्ट्रेस हार्मोन वाढतात, झोप उडते, चक्कर येते, आणि त्यालाच लोक ध्यान लागलं समजतात. गीतेच्या ६ व्या अध्यायात तर सरळ म्हटलंय, अति खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. बसायचंच तर जेवून, १० मिनिटांपासून बसा. आणि इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास नकोच.