पार्श्वभूमी: प्रोस्टेट आणि पीएसएचा आकडा

गोव्यात पाश्चात्त्य शरीरशास्त्राचे रीतसर शिक्षण 1842 मध्ये पणजीत सुरू झाले, तेही पोर्तुगीजमधून. बांबोळीचे आजचे वैद्यकीय महाविद्यालय हा त्याच शाळेचा वारसा. पुरुषांच्या मूत्रमार्गाला वेढून बसलेली प्रोस्टेट ही ग्रंथी युरोपला सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. त्याच्या कितीतरी आधी आपल्या शल्यग्रंथांनी मूत्राशयातला खडा काढताना शुक्रवाहिन्या जपायला बजावले होते.

ग्रंथी आतून एकसारखी नाही, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीट उमगले. मूत्रमार्गालगतचा भाग वयानुसार वाढतो आणि लघवीची धार बारीक होते. कर्करोग बहुतेकदा मागच्या, गुदाशयाकडच्या भागात होतो. त्यामुळे धार चांगली आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

पीएसए, म्हणजे या ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन, दोन्ही भागांतून रक्तात उतरते, आणि घोळ इथेच आहे. अमेरिकेत 1986 मध्ये ते मोजणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती. निदानासाठीची 1994 मध्ये. मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅम ही रेघ रूढ झाली, जणू तिच्या अलीकडे सगळे निर्धास्त! निरोगी दिसणाऱ्यांची सरसकट चाचणी केल्याने मृत्यू टळतात का, यावर 2009 मध्ये दोन मोठे अभ्यास आले. युरोपातल्या अभ्यासात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 20 टक्क्यांनी घटले, अमेरिकेतल्या अभ्यासात फरकच नाही. 2012 मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने ही तपासणी सरसकट नकोच म्हणून टाकले. हे घाईचे झाले. अमेरिकी अभ्यासात ज्यांची चाचणी होणार नव्हती त्यांच्यातल्याही बहुतेकांनी ती बाहेर करून घेतली होती; मग फरक दिसणार कुठून? 2018 मध्ये समिती नरमली: 55 ते 69 वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचे त्याने ठरवावे, सत्तरीपुढे नको.

समितीची धास्ती अगदीच पोकळ नव्हती. जन्मात त्रास दिला नसता असा मंद कर्करोग सापडतो, ग्रंथी काढली जाते, आणि मागे लघवी गळणे नाहीतर ताठरता जाणे उरते. ताठरतेच्या नसा ग्रंथीला लगटून जातात. त्या वाचवणारी शस्त्रक्रिया 1980 च्या दशकात आली.

मडगाव-म्हापशाच्या घरांत हा वाद पोहोचतो तो तपासणीच्या पॅकेजमधून. लघवीचा संसर्ग असताना किंवा मूत्रमार्गात नुकतीच नळी घातलेली असताना आकडा फुगतो. उलट, ग्रंथी आकसावी म्हणून सहा महिने फिनास्टराइड घेतलेल्याचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. तो दुप्पट करून वाचायचा असतो.