भागीचं घोडं आणि चौघांचं जॅकेट
लेदर जॅकेट मित्रमंडळींत फिरवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑक्टोबर लागला की आमच्या लेदर-दुरुस्तीच्या काउंटरवर जॅकेटं यायला लागतात. गेल्या ऑक्टोबरात चौघं मित्र मिळून एकच जॅकेट घेऊन आले. शेळीच्या कातड्याचं, तपकिरी, आठ-नऊ वर्षं अंगावर रुळलेलं. कोपरांवर अशी झळाळी आलेली की ती विकत मिळत नाही. पाठीवर मात्र तळहाताएवढे पांढरट-हिरवे चट्टे. जूनपासून ते एकाच्या माळ्यावर, ड्रायक्लीनवाल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होतं. ज्याच्या माळ्यावर होतं त्याला वाटलं, आपली पाळी संपली, पुढचा येऊन नेईल. बाकीच्या तिघांना वाटलं, ज्याच्याकडे आहे तो बघत असेल. भागीचं घोडं किवणानं मेलं, ते असं.

चट्टे निघाले, झळाळीही वाचली. पण त्या दिवशी चौघांना जे तोंडी सांगितलं ते इतरांनाही लागेल म्हणून हे पत्रक.

वाटून वापरू नका असं आम्ही म्हणणार नाही. पुण्यात जॅकेट अंगावर चढतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एकट्याचं असेल तर त्यातही पाच-सहा वेळा, सिंहगडाला पहाटे जाताना किंवा कुणाच्या लग्नाला. बाकी वर्षभर खुंटीला. आमच्याकडे येणाऱ्यांत घालून घालून फाटलेली थोडी, टांगून खराब झालेली जास्त. चार जणांच्या अंगावर फिरणाऱ्या जॅकेटला निदान वारा तरी लागतो. अडचण पाळी कुणाची, ही नाही. पाळी कुणाचीच नसते त्या पावसाळ्याच्या चार महिन्यांची आहे.

आधी बघा, लेदरच आहे ना

जे "जेन्युइन" म्हणून घेतलं ते रेक्झिन निघतं, हे आठवड्याला एकदा तरी घडतं. खिशाच्या आतली किंवा खालच्या पट्टीची कापलेली कड बघा. लेदरच्या कडेला बारीक तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेला वर रंगाचा पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड, असे दोन थर दिसतात. काडी लावून बघायचा उद्योग करू नका. रेक्झिनचे पापुद्रे आपल्या दमट हवेत काही वर्षांत सुटायला लागतात, आणि एकदा सुटले की त्यावर आमच्याकडे किंवा कुणाकडेही इलाज नाही. असं जॅकेट खुशाल वाटून घाला, पण त्याच्या दुरुस्तीवर वर्गणी काढू नका.

माप खांद्यावरून

छातीचं माप सगळे बघतात, खांद्याचं कुणी नाही. छाती थोडी सैल चालते, पोटाशी बेल्ट असतो. खांद्याची शिवण दंडावर उतरली तर मात्र बाही लोंबते, आणि आत सरकली तर काखेत ताण येऊन तिथेच टाके तुटतात. म्हणून गट जमवताना खांदे जुळणारी माणसं बघा, मैत्री कितीही जुनी असली तरी.

लेदर ताणतं आणि ताणलेलं पूर्ण परत येत नाही. मेंढीचं मऊ लेदर सगळ्यात जास्त ताणतं, शेळीचं कमी, म्हशीचं जाड आणि हट्टी. थोडक्यात, तुमच्यातला सगळ्यात आडवा मित्र जॅकेटचा आकार ठरवणार. हे त्याला गमतीत घेता येत असेल तरच मेंढीचं घ्या.

तिरक्या चेनीचं, कमरेला बेल्ट असलेलं जॅकेट यासाठी सोयीचं. हा घाट जुना आहे. न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीनं १९२८ साली मोटरसायकलवाल्यांसाठी चेनीचं जॅकेट काढलं, तेव्हा त्याची किंमत साडेपाच डॉलर होती. चेन तिरकी असल्यामुळे पुढे वाकून बसलं तरी ती पोटात रुतत नाही. आणि बेल्टमुळे एकच जॅकेट बारीक-जाड दोघांनाही बरं बसतं.

एक गोष्ट मात्र कळकळीची. कुणा एकाच्या मापाला बाही कापून घेऊ नका. कापडाची शिवण उसवली तर इस्त्रीनं भोकं बुजतात. लेदरमध्ये सुई गेली की गेली. जुनी शिवण उसवून दाखवली की ग्राहक गप्प होतात: धाग्याच्या जागी एका ओळीत टाचणीएवढी भोकं, उजेडात धरली तर आरपार दिसणारी. म्हणून फिरत्या जॅकेटची बाही आम्ही आखूड करून देत नाही. रागावू नका.

अंगाला लागतं ते अस्तर

लेदरची काळजी सगळे करतात, आणि घाम पितं ते अस्तर. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवाच. घालून झालं की लगेच कपाटात नाही. रुंद खांद्याच्या हँगरवर, चेन उघडी ठेवून, एक रात्र पंख्याखाली. पुढच्याच्या हाती त्यानंतर. गटात कुणाला गजकर्ण किंवा खरूज असेल तर बरं होईपर्यंत त्याची पाळी वगळा, कारण दोन्ही कपड्यांतून पसरतात. सांगायला संकोच वाटतो, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्या वेळी कुणाला कारण विचारावं लागत नाही.

डिओ अंगावर मारा, वाळू द्या, मग जॅकेट घाला. जॅकेटवर मारलेल्या फवाऱ्यातलं अल्कोहोल रंगाचा थर उडवतं.

आपल्याकडचा खास डाग म्हणजे कॉलरवरचं केसांचं तेल. ताजं असेल तर वर कॉर्नफ्लॉवर किंवा साधी टॅल्कम पावडर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झाडा. घासू नका. साबण तर मुळीच नको. चामडं किंचित आम्लधर्मी असतं, साबण त्याच्या उलट. त्यानं डाग जाण्याआधी लेदर कडक होतं.

चपलेला तेल चालतं, याला का नाही?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडचे ग्राहक हटकून विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, जाड आणि वरून उघडं. ते तेल पितं आणि मऊ पडतं. जॅकेटचं लेदर बहुतेक वेळा क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, पातळ, आणि वर रंग-फिनिशचा थर चढवलेला. तिथे तेल एकसारखं मुरत नाही. जिथे मुरतं तिथे काळा डाग, जिथे नाही तिथे धूळ. खोबरेल तर थंडीच्या पहाटे थिजून शिवणीत पांढरं दिसतं, आणि माणूस बुरशी समजून पुन्हा आमच्याकडे धावत येतो. लेदरचं कंडिशनर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, वाटाण्याएवढं सुती फडक्यावर घेऊन. स्वेड, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं लेदर, असेल तर तेही नको.

जून ते सप्टेंबर

हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीला वाव मिळतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. मुंबई-कोकणातल्यांना आकडा सांगायची गरज नाही.

या चार महिन्यांसाठी एक सांभाळणारा नेमा. नाव घेऊन, सगळ्यांसमोर. ज्याच्या घरात रोज पंखा चालणारी कोरडी खोली आहे तो. ज्याचं जॅकेटवर प्रेम जास्त आहे तो नव्हे. प्लॅस्टिक काढून टाका, जुन्या चादरीची सैल खोळ करा. भिंतीला टेकवू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीला. आठवड्यातून एकदा बाहेर काढून तासभर वाऱ्यावर. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीत उपयोगी. रोज उघडमीट होणाऱ्या कपाटात त्या चार दिवसांत भरून जातात आणि नुसता दिलासा देतात.

बुरशी आलीच तर जॅकेट घराबाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशनं झाडा. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समसमान घेऊन फडकं जेमतेम ओलं करा, आधी आतल्या पट्टीवर लावून रंग सुटत नाही ना ते बघा, आणि मगच पुसा. रंग सुटला तर हात लावू नका, इकडे आणा. उन्हात कधीच नाही. भिजलेलं जॅकेटही सावलीत, बाह्यांत जुना टॉवेल कोंबून, पंख्याखाली. हेअर ड्रायर आणि इस्त्री यांनी आम्हाला जितकं काम दिलंय तितकं पावसानंही दिलेलं नाही.

रायडिंग जॅकेट असेल तर

मिरवायच्या जॅकेटला आणि गाडीवर संरक्षणासाठी घ्यायच्या जॅकेटला एक नियम लावू नका. दुसऱ्यात कोपर-खांद्याला आतून पॅड असतात. ते सैल मापात फिरतात आणि पडताना कोपर सोडून भलतीकडेच असतात. असं जॅकेट ज्याचं त्यानंच वापरावं, हे आमचं मत. तरी वाटून घेत असाल तर एक शब्द पाळा: कुणी पडलं असेल तर, खरचटलं नसलं तरी, गटाला सांगायचं. दबलेलं पॅड बाहेरून दिसत नाही.

हस्तांतर आणि खर्च

जॅकेट देता-घेताना चार फोटो पुरतात: कॉलर, दोन्ही मनगटं, काखेतलं अस्तर, चेन. डाग कुणाचा यावरून दुकानात उभ्या-उभ्या झालेली भांडणं आम्ही पाहिली आहेत, चहा पाजून मिटवलीही आहेत. हंगाम सुरू होताना थोडे पैसे एकत्र बाजूला काढा. चेनीचा रनर, टिचबटण, अस्तर यांवर कधी ना कधी खर्च येतोच. चेन अडखळली तर ओढू नका, दातांवर मेणबत्ती घासा.

कुरिअरनं दुसऱ्या गावी पाठवायचं तर घडीत कागद भरून मोठ्या खोक्यात, आणि पावसाळ्यात नकोच.

दुकानात आणताना एकानं यावं आणि त्याच्याच सूचनेनं काम होईल. रंग बदलायचा असेल तर मात्र सगळ्यांची संमती मेसेजवर दाखवा. एकदा तिघांना काळा हवा होता आणि चौथा बंगलोरला होता, तो परत आल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही.

आणि खिसे रिकामे करून आणा, आतला चोरखिसाही. पेट्रोल पंपाच्या पावत्या, बडीशेपेच्या पुड्या, लाल मातीनं भरलेला हातरुमाल, सगळं निघतं. सुरुवातीला सांगितलेल्या त्या चौघांच्या जॅकेटमधून घराची एक किल्ली निघाली. चौघांनीही आपली नाही म्हणून सांगितलं. ती अजून काउंटरच्या खणात आहे.