हेल्मेट वाजवून घेऊ नका

परवा एका सायकलच्या दुकानात एक बाबा लेकीसाठी हेल्मेट बघत होते. माठ घेताना वाजवतात तसं त्यांनी ते टकटक वाजवलं, उलटं केलं, आतल्या पांढऱ्या थरात नख रुतवलं आणि दुकानदाराला परत दिलं. "हे तर टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल!" नव्या सायकलच्या हँडलला लिंबू-मिरची मात्र आधीच लटकत होती. लिंबाशी माझं भांडण नाही, पण पोरगी पडली तर ते डोक्यापर्यंत पोचायचं कसं?

मोटारसायकलवर चार वर्षांवरच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, सायकलला नाही. म्हणून आमच्या पेठेतल्या तालमीत मुलांच्या हेल्मेटची मोहीम घ्यायचं ठरलं. फलक, फेरी, घोषणा असं सगळं निघालं. मी म्हटलं, आधी थर्माकोलची बदनामी थांबवू.

कुस्तीआधी हौद्यातली माती खणून भुसभुशीत का करतात? पैलवान पाठीवर आदळला की माती खचते आणि त्याचा वेग जरा सावकाश मरतो. दीड मीटरवरून पडणारं डोकं जमिनीला टेकताना ताशी १९-२० किलोमीटर वेगात असतं. डांबरावर ते दोन-तीन मिलिमीटरांत थांबलं, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट किंवा त्याहूनही जास्त. तेच दोन सेंटिमीटरांत थांबलं तर १५० भागिले २, म्हणजे ७५ पट. उंची भागिले थांबायचं अंतर, एवढंच गणित. हेल्मेट आपल्याला ते अंतर विकतं.

मग स्पंज का नको? कारण स्पंज सुरुवातीला फारच सहज दबतो, तळाला टेकला की एकदम दगड होतो, आणि वर दाबलेली ऊर्जा परत देऊन डोकं उसळवतो. थर्माकोलचे मणी म्हणजे वाफेवर फुगवलेलं पॉलिस्टायरीन, बहुतेक सगळी हवाच. त्यातल्या बारीक कप्प्यांच्या भिंती एका ठरावीक दाबाला वाकून कोसळतात, एकामागून एक. त्यामुळे दबत असताना विरोध जवळपास सारखाच राहतो. बल-विस्थापनाचा, म्हणजे किती जोर लावला की किती दबलं याचा, आलेख काढला तर मधे पन्हाळ्याच्या माथ्यासारखं पठार दिसतं, आणि त्या पठाराखालचं क्षेत्रफळ म्हणजे गिळलेली ऊर्जा. भिंती मोडलेल्याच राहतात, म्हणून ती परत मिळत नाही. युरोपच्या मानकात सायकल हेल्मेट सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं सपाट ऐरणीवर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला २५० पटींपेक्षा जास्त धक्का बसू देत नाहीत. 'शंभर टक्के सुरक्षा' छापणाऱ्यांनी हा वेग वाचावा. भरधाव डंपरपुढे ही जादू चालत नाही.

हे आलेख काढून कुणाला पटणार? रविवारी सकाळी शाळेतला चार किलोचा गोळा आणला. लहान मुलाचं डोकं साधारण तेवढंच. खाली बाथरूमची टाइल, वर स्पंज. दीड मीटरवरून सोडला, टाइलचे तीन तुकडे. मग दुसरी टाइल आणि जाड थर्माकोल. 'भस्स' आवाज आला. गोळा उसळला नाही, रुतून बसला. टाइल शाबूत. पोरांनी पट्टीनं खड्डा मोजला, तीन सेंटिमीटर.

"त्याच खड्ड्यात परत टाका की!" मागून एक जण ओरडला.

टाकला. टाइल फुटली.

"म्हणजे एकदा पडलं की हेल्मेट बाद? वरून चांगलं दिसत असलं तरी?" त्याच्या आईनं विचारलं. हो. आणि किमतीवर मोहिमा अडतात त्या इथंच. अमेरिकेत सिएटलला १९८६ साली डॉक्टर, शाळा आणि सायकल क्लब एकत्र आले, तेव्हा त्यांनी नुसता प्रचार केला नाही, सवलतीची कूपनंही वाटली. १९८७ मध्ये तिथं शंभरात पाचेक मुलं हेल्मेट घालत. १९९२ मध्ये चाळीस.

आम्ही घाऊक भावानं हेल्मेटं मागवली आहेत. आपटलेलं हेल्मेट आणून देईल त्याला नवं निम्म्या किमतीत. भुवईच्या वर दोन बोटं बसतंय का आणि हनुवटीखालचा पट्टा सैल नाही ना, हे बघायचं काम तालमीतल्या थोरल्या पोरांनी घेतलंय. गोळा मात्र शाळेला परत करायचाय, शिपाईमामांनी दोनदा विचारलं.